पंखा बंद केला की मॉनिटर काळा: यूपीएस घ्यावा की केबल बदलावी?

माझ्या खोलीतल्या पंख्याचं बटण कुणी बंद केलं की मॉनिटर दोन-तीन सेकंद काळा पडून परत यायचा. कधी फ्रिज सुरू होताना, कधी जुन्या चोकवाल्या ट्यूबलाइटने. ज्यांच्याकडे हे होतंय त्यांना दोनच सल्ले मिळतात: वीज नीट करा, नाहीतर लॅपटॉपवरून मॉनिटरला चित्र नेणारी केबल बदला. मी दोन्ही करून बसलोय.

दोन सेकंदांचा काळोख मी सोसला असता. पण मॉनिटर क्षणभर जरी तुटला तरी लॅपटॉपला वाटतं, केबलच काढली. डावीकडे टॅली, उजवीकडे बँकेचं स्टेटमेंट लावून मी नोंदी जुळवत असायचो. डोळ्यांपुढे अंधार, आणि उजेड आला की सगळ्या विंडो लॅपटॉपच्या लहान स्क्रीनवर एकीवर एक. कुठल्या ओळीवर होतो ते पुन्हा शोधायचं. रिटर्न भरायच्या दिवसांत हे दहा-बारा वेळा झालं की डोकं फिरतं. विंडोज ११ मध्ये मॉनिटर परत जोडल्यावर विंडोंच्या जागा लक्षात ठेवण्याची सोय आहे, ती जरूर चालू करा. माझ्याकडे तिने निम्मंच काम भागलं.

आधी मी विजेच्या वाटेने गेलो. आमची इमारत जुनी, आणि वायरमनने बोर्ड उघडला तेव्हा तीन पिनांच्या सॉकेटमधल्या वरच्या मोठ्या भोकाला मागे वायरच नव्हती. मॉनिटरच्या मागच्या धातूला हात लागला की झिणझिण्या यायच्या, त्याचं कारण तिथेच सापडलं. अर्थिंग नसलं की अडॅप्टरमधल्या फिल्टरमुळे धातूच्या भागावर साधारण निम्मा दाब, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास, येऊन बसतो. प्रवाह अगदी थोडा, पण हाताला कळतो. मीटरपासून अर्थिंगची वायर ओढून घेतली, झिणझिण्या त्याच दिवशी थांबल्या. स्क्रीन मात्र तशीच काळी पडत राहिली. मग यूपीएस आणला. तो उपयोगाचा आहेच, वीज गेली तर काम वाचतं. पण पंख्याच्या बटणाला तो पुरला नाही.

का पुरला नाही, ते एका संध्याकाळी कळलं. मॉनिटर आणि लॅपटॉप दोन्ही यूपीएसवर ठेवले आणि यूपीएसची पिन भिंतीतून काढून टाकली. आता घरातल्या विजेचा आणि माझ्या टेबलाचा संबंध नाही. बायकोला म्हटलं, "पंखा बंद कर." बटणाचा खट्ट आवाज आणि स्क्रीन काळी. "परत कर." परत काळी. म्हणजे उपद्रव सॉकेटमधून येतच नव्हता. पंख्याची मोटर तोडताना बटणात बारीक ठिणगी पडते, तिच्या लहरी हवेतून पसरतात आणि माझी तीन मीटरची स्वस्त, बारीक एचडीएमआय केबल त्या अँटेनासारखी पकडत होती. वर ती केबल मी टेबलामागे एक्स्टेन्शन बोर्डाच्या वायरबरोबर टायने एकत्र बांधली होती.

तेव्हा पैसे खर्चण्याआधी हीच चाचणी करून बघा, यूपीएस शेजाऱ्यांकडून तासाभरासाठी मागून आणला तरी चालेल. पिन काढल्यावर काळोख थांबला तर विजेची बाजू बघा. न थांबला तर केबल.

केबलच्या बाजूला मी आधी सुटी केली ती विजेच्या वायरीपासून, थोडा फरक पडला. मग दोन्ही टोकांना क्लिपवाले फेराइट, म्हणजे असल्या लहरी अडवणाऱ्या छोट्या कड्या, लावले. ते केबलवर घट्ट बसले पाहिजेत, सैल फेराइट शोभेचं. केबल आतून दोनदा फिरवता आली तर परिणाम साधारण चौपट होतो, पण जाड एचडीएमआय केबल तशी वळत नाही. काळोख दिवसाला एखाद-दुसऱ्यावर आला. शेवटी दीड मीटरची, 'अल्ट्रा हाय स्पीड'चं स्कॅन करता येणारं लेबल असलेली केबल घेतली. एचडीएमआय केबलचा हा वर्ग सेकंदाला ४८ गिगाबिटसाठी आहे, माझ्या मॉनिटरला तेवढ्याची गरज नाही. पण या प्रमाणपत्रासाठी केबलमधून बाहेर किती लहरी गळतात तेही तपासतात, आणि जी केबल बाहेर गळू देत नाही ती सहसा आतही येऊ देत नाही. तिला यूपीएसच्या किमतीचा छोटासा भागही लागला नाही.

तुमच्या घरचं कारण वेगळं असू शकतं. जुना व्हीजीए मॉनिटर असेल आणि स्क्रीनवर आडवे पट्टे सरकत असतील तर संशय अर्थिंगवर आधी घ्या. खुर्चीवरून उठताना स्क्रीन जात असेल तर गॅसवर वरखाली होणाऱ्या खुर्चीतल्या स्थिर विजेचं ते काम, तिथेही केबलच मदतीला येते. आणि धातूला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर मॉनिटरचं राहू द्या बाजूला, वायरमनला आजच बोलवा.

नवी केबल लावून चार महिने झाले. पंखा दिवसातून वीसदा चालू-बंद होतो, टॅली डावीकडेच असतं.