‘मूल्यनिरपेक्ष’ सर्वेक्षण फॉर्म: काम नीटनेटकं, पण प्रश्न तपासूनच घ्या

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात प्रबंध करणाऱ्यांना घरोघरी सर्वेक्षण करून देणारी ही सेवा. मराठी आणि कन्नड दोन्हीत छापलेला फॉर्म, तो भरून आणणारी मुलं, शेवटी सगळी माहिती एक्सेलमध्ये. अक्षर वाचता येतं, रकाने कोरे राहत नाहीत, दिलेल्या तारखेला काम मिळतं. एवढ्याबद्दल पूर्ण गुण.

अडचण आहे ती पहिल्या पानावरच्या ‘संपूर्णपणे मूल्यनिरपेक्ष’ (म्हणजे विचारणाऱ्याचं चांगलं-वाईटाचं मत न मिसळलेलं) या छापील वाक्याची. जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबरने १९०४ च्या निबंधात दोन गोष्टी वेगळ्या केल्या होत्या. काय अभ्यासायचं हे ठरवताना मूल्यं येणारच. हाती आलेल्या उत्तरावर मात्र आपली पसंती लादायची नाही. या फॉर्ममध्ये मूल्यं प्रश्नांच्या शब्दांतच बसली आहेत, आणि ती तिथं आहेत हे कुठं कबूल केलेलं नाही.

कामाचा रकाना बघा. ‘कमावती व्यक्ती’ आणि ‘गृहिणी’, दोनच पर्याय. निपाणीकडं बाई सुपात तंबाखू घेऊन विड्या वळत असते, दारातला नवरा सांगतो, “ती घरीच असते की,” आणि टिक पडते गृहिणीवर. २००१ च्या जनगणनेत घरच्या वापरापुरतं दूध काढणंसुद्धा काम धरलं होतं. म्हणजे ‘काम’ कशाला म्हणायचं हा आधी कुणीतरी घेतलेला निर्णय असतो, मोजणी त्यानंतर सुरू होते. इथं प्रश्न फोडून विचारायला हवा: गेल्या सात दिवसांत विड्या वळल्या का, जनावरांचं केलं का, रानात गेला होता का? आणि विचारायचं त्या बाईलाच.

‘दारिद्र्यरेषेखालील: होय/नाही’ हेही तसंच. २०११-१२ साठी तेंडुलकर समितीच्या पद्धतीने देशाची रेषा माणशी महिना खर्च ग्रामीण ८१६ आणि शहरी १००० रुपये येते. रंगराजन समितीने त्याच वर्षासाठी ९७२ आणि १४०७ सांगितली. वर्ष तेच, माणसं तीच, गरिबांचा आकडा वेगळा. कोणती रेषा ते फॉर्मवर नाही, त्यामुळे मुलं रेशन कार्ड बघून टिक करतात.

सगळ्यात मोठी चूक भाषांतरात आहे. मराठी प्रश्न: ‘घरातील सुना मर्यादा पाळतात का?’ कन्नड पानावर तोच शब्द ‘मर्यादे’ म्हणून ठेवलाय. आपल्याकडं मर्यादा म्हणजे घालून दिलेली चौकट. कन्नडमध्ये मर्यादे म्हणजे मान, आदर. खानापुरातल्या मराठी घराला सुनेच्या वागण्याची हद्द विचारली जाते, पलीकडच्या कन्नड घराला ती मान देते का हे, आणि दोन्ही उत्तरं एकाच रकान्यात बेरीज होतात. शिवाय या शब्दात वर्णन आणि शाबासकी एकत्र आहे, ते वेगळं करता येत नाही. शब्द काढूनच टाका. ‘सून एकटी बाजाराला जाते का?’ असं साधं विचारा, आणि कन्नड पान दुसऱ्या माणसाकडून परत मराठीत करून घ्या. असली चूक तिथं लगेच उघडी पडते.

रूढींचा भागही कच्चा आहे. ‘हुंडा योग्य वाटतो का?’ याला दारात उभ्या अनोळखी मुलापुढं बहुतेकजण ‘नाही’च म्हणणार. सामाजिक रूढींचा अभ्यास करणाऱ्या तत्त्वज्ञ क्रिस्तिना बिक्येरी यांनी इथं उपयोगी फोड केली आहे: इतर लोक काय करतात असं वाटतं, आणि आपण काय करावं अशी त्यांची अपेक्षा आहे असं वाटतं. हे दोन्ही वेगवेगळे विचारले तरच रूढी आहे की नुसती सवय, हे कळतं. फॉर्ममध्ये यातलं एकही नाही. निदान हे दोन प्रश्न स्वतःच्या मताच्या आधी घाला.

आणि मातृभाषा. जनगणनेची व्याख्या स्पष्ट आहे: लहानपणी आई तुमच्याशी जी भाषा बोलायची ती. या फॉर्मवर नुसतं ‘मातृभाषा’ आहे. सीमाभागात या शब्दात आईबरोबर १९५६ ची राज्यपुनर्रचनाही ऐकू येते, त्यामुळे विचारणारा मराठीत बोलतोय की कन्नडमध्ये यावरही उत्तर हलू शकतं. ऑर्डर देताना व्याख्या शब्दशः छापून घ्या आणि ‘मुलाखत कोणत्या भाषेत झाली’ हा रकाना दारातच भरायला लावा. एक्सेल एकदा एकत्र झालं की तो फरक परत काढता येत नाही.