१५,०७० रुपये आणि कुठेच न जोडलेली केबल

व्हिडिओ गेम खेळायच्या एका हँडलपायी एकूण १५,०७० रुपये. चार हप्त्यांत गेले, आणि चारही वेळा माझ्याच फोनवरून, माझाच पिन टाकून. हे लिहायला तीन महिने लागले. गेली सव्वीस वर्षं मी नाशिकमध्ये टीव्ही, मिक्सर, इन्व्हर्टर दुरुस्त करतो, आणि रोज सोल्डर हातात धरणाऱ्याला सोल्डरच्याच कामात कुणीतरी टोपी घातली हे गिऱ्हाइकांच्या कानावर जाऊ नये, असं वाटत होतं. पण गेल्या आठवड्यात तोच माणूस तोच माल नव्या नावाने विकताना दिसला. आता गप्प बसवत नाही.

माझ्याकडे मामांनी दुबईहून आणलेला सेगा मेगा ड्राइव्ह आहे, टीव्हीला जोडायचा जुना व्हिडिओ गेमचा कन्सोल. त्याचे कपॅसिटर मी दोनदा बदललेत, अजून ठणठणीत चालतो. त्यावर मी विमानांचेच गेम खेळतो. ट्रक्सटन, रायडेन, थंडर फोर्स चार. शाळेत असताना व्हिडिओ गेमच्या पार्लरमध्ये रुपयाच्या टोकनवर खेळायचो, तिथे मूठभर हँडल आणि तळहाताएवढी बटणं असायची. घरी पॅडवर, म्हणजे हातात धरायच्या छोट्या कंट्रोलरवर, तेच सगळं डाव्या अंगठ्यावर येतं. गेल्या वर्षी अंगठ्याच्या मुळाशी सूज आली, दुकानात पक्कड धरवेना. डॉक्टरांनी पॅड बंद करायला सांगितलं. हौसेपायी पैसे उधळले असं कुणी म्हणू नये, म्हणून हे आधीच सांगून ठेवतो. मनगटाने चालणारं हँडल मला खरोखरच हवं होतं.

आणि मी चौकशी न करता गेलो नव्हतो. सेगाची स्वतःची जुनी आर्केड पॉवर स्टिक पाहिली. तिच्यात प्रत्येक बटणाला ऑटोफायर आहे, म्हणजे बटण दाबून धरलं की आपोआप गोळ्या सुटत राहतात, पण इतक्या वर्षांनी मिळते ती हँडल लुळं पडलेली. आजकालच्या कंट्रोलरवरची अॅनालॉग दांडी या गेमना उपयोगाची नाही. त्यांना फक्त आठ दिशा कळतात. अर्धवट कलवलेल्या दांडीचं काय करायचं ते त्यांना ठाऊक नसतं, मग दोन गोळ्यांच्या फटीत विमान नको तेवढं सरकतं. राहिलं जपानी आर्केडचं, म्हणजे पार्लरच्या मशीनचं हँडल. तिथे दोन कंपन्यांची नावं, सान्वाचं जेएलएफ आणि सेमित्सूचं एलएस-३२. विमानवाले बरेच जण एलएस-३२ घेतात, कारण त्याची चाल आखूड, जरा हलवलं की स्विच दाबला जातो. मला जेएलएफ हवं होतं, कारण ते हलकं आहे आणि माझा सांधा दुखतो. त्याच्या खालची, दांडीची हालचाल अडवणारी चौकोनी चौकट काढून अष्टकोनी बसवता येते. मला चौकोनीच बरी वाटते, तिरकी दिशा थेट कोपऱ्यात सापडते. म्हणजे माल कोणता हवा हे मला पक्कं ठाऊक होतं. विकणारा कसा आहे, हे मात्र पाहिलं नाही.

जुन्या कन्सोलच्या हौशी लोकांच्या एका ग्रुपमध्ये तो भेटला. मराठी बोलणारा, गोड आवाजाचा, प्रत्येक वाक्यात ‘दादा’. म्हणाला, जेएलएफ, सान्वाचीच तीस मिलिमीटरची बटणं आणि मागे एक फिरवायचा स्विच: मेगा ड्राइव्ह, सॅटर्न, पीसी इंजिन हे तीन जुने कन्सोल, आणि यूएसबीने कॉम्प्युटर. एकच पेटी चारही ठिकाणी चालेल. हँडल पुण्यात घरीच पडून आहे, गुढीपाडव्याच्या आधी पेटी हातात. किंमत १२,४५०. ही काही स्वस्ताई नव्हती. ‘लोभापायी फसला’ हे वाक्य माझ्या बाबतीत कुणी वापरू नका. मी पूर्ण भाव देत होतो.

२२ फेब्रुवारीला ५,००० अॅडव्हान्स. फोनवर नाव आलं ते एका बाईचं. विचारलं, तर ‘दादा, मिसेसचं खातं आहे’. माझंही दुकानाचं खातं बायकोच्या नावावर आहे, म्हणून पुढे काही विचारलं नाही. तुम्ही विचारा. बोलणारा एक आणि खातं दुसऱ्याचं असेल, तर तिथेच थांबा.

त्याला मी नेमका प्रश्नही केला होता. मेगा ड्राइव्हच्या जोडणीला नऊ पिना असतात. त्यात ए आणि बी ही दोन बटणं एकाच पिनवरून येतात, स्टार्ट आणि सी दुसऱ्या एका पिनवरून. कन्सोल सात नंबरच्या पिनवर सिग्नल वरखाली करतो आणि आत्ता कोणती जोडी हवी ते सांगतो. म्हणून तीन बटणांच्या साध्या पॅडमध्येसुद्धा त्या कामासाठी एक चिप असते, ७४एचसी१५७. नुसत्या तारा जोडून भागत नाही. मी विचारलं, ही अदलाबदल तू कशी केलीस? उत्तर आलं, ‘दादा, ते सगळं बोर्डातच येतं.’ कुठल्या बोर्डात, ते मी विचारलं नाही. स्वतःच्या दुकानात कारागिराने असं उत्तर दिलं असतं, तर पेटी तिथेच उघडायला लावली असती.

आणि तो व्हिडिओ. त्या व्हिडिओवरून रात्री अजून झोप मोडते. ७ मार्चला त्याने तेवीस सेकंदांचा व्हिडिओ पाठवला. टेबलावर काळी पेटी, लाल गोळ्याचं हँडल, मागे टीव्हीवर विमान. हात हँडलवर, विमान डावीकडे, उजवीकडे, गोळ्या चुकवतंय. मला भरून आलं. पुतण्या शेजारी बसला होता, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तो म्हणाला, ‘काका, विमान आधी वळतंय, याचा हात नंतर हलतोय.’ मी म्हटलं, मोबाइलचा व्हिडिओ आहे, मागेपुढे होतं. तो म्हणाला, ‘काका, मागे पडलं तर चित्र मागे पडेल ना, हात कसा मागे पडेल?’

मी त्याला गप्प केलं. हसऱ्या चेहऱ्याने नाही, चिडून. तुला काय कळतं, असं म्हणालो.

आता तोच व्हिडिओ सावकाश चालवून पाहिलाय, पन्नास वेळा तरी. तो माणूस खेळतच नव्हता. टायटलच्या पडद्यावर कुणी स्टार्ट दाबलं नाही, की यातले कितीतरी गेम आपणच थोडा वेळ खेळून दाखवतात. हा त्या आपोआप चालणाऱ्या खेळाच्या मागे मागे हात हलवत होता. एका जागी तो नाक खाजवायला हात उचलतो आणि विमान तिकडे मजेत गोळ्या चुकवत राहतं. नाक खाजवतो! तेही मला दिसलं नाही. मला फक्त लाल गोळा दिसत होता. कुणी चालू हँडलचा व्हिडिओ पाठवला, तर त्याला सांगा, स्टार्ट दाबून दाखव, मग हँडल सोड आणि विमान जागेवर थांबलेलं दाखव. आणि मी म्हणेन तेव्हा, व्हिडिओ कॉलवर.

दुसऱ्याच दिवशी, ८ मार्चला, बाकीचे ७,४५० पाठवले. १९ मार्चला म्हणाला, हँडल कस्टम्समध्ये अडकलंय, १,९८० लागतील. अहो, हँडल तर पुण्यात घरी होतं! पण १२,४५० आधीच गेले होते, आणि १,९८० दिले नाहीत तर तेही बुडतील असं वाटलं. २४ मार्चला कुरियरचे ६४०. पाडवा गेला, पेटी आली २ एप्रिलला.

खोका हातात घेतला तेव्हाच पोटात गोळा आला. त्याने साडेतीन किलो सांगितलं होतं, पावतीवर एक किलो शंभर ग्रॅम. पावतीवरचं वजन वाचा, आणि खोका फोडायच्या आधी मोबाइल सुरू करा. मी तेवढं केलं म्हणून आज माझ्याकडे एक तरी पुरावा आहे.

पेटी पातळ प्लायची, वर प्लॅस्टिकचा कागद चिकटवलेला, कोपऱ्यावर फुगा. हँडलवर सान्वाचं नाव कुठेच नाही. वर-उजवीकडे कलवलं की नुसतं वर जातं, तिरकं लागतच नाही. बटणं दाबली की उंदराच्या पिंजऱ्यासारखा खटका. तळाचे सहा स्क्रू काढले. आत बाजारात किटमध्ये स्वस्तात मिळणारं, ‘झिरो डिले’ म्हणतात ते यूएसबीचं बोर्ड. कॉम्प्युटरला लावल्यावर नाव आलं, ‘जेनेरिक यूएसबी जॉयस्टिक’. मागचा फिरवायचा स्विच फिरतो, कटकट वाजतो, पण त्याच्या पायांना एकही तार नाही. आणि मेगा ड्राइव्हची ती नऊ पिनांची केबल पेटीच्या मागून आत येते, तिला आत एक गाठ मारली आहे, गाठीवर ग्लू गनचा पिवळट गोळा. गाठीच्या पुढे तारा नखाएवढ्या कापलेल्या, टोकं सोललेलीसुद्धा नाहीत. मी तरीही मल्टिमीटर लावला, तार जोडलेली असेल तर तो बीप करतो. नऊच्या नऊ पिना तपासल्या. एकही बीप आला नाही.

त्याच संध्याकाळपासून त्याचा फोन बंद.

आता पुढचं. पोलीस ठाण्यात पेटी घेऊन गेलो. पहिला प्रश्न, ‘हे खेळणं पंधरा हजारांना घेतलं?’ मागे बसलेले दोघे हसले. दुसरा प्रश्न, ‘वस्तू मिळाली ना तुम्हाला? मग फसवणूक कसली?’ मी तळ उघडून गाठ दाखवली. ‘हे आम्हाला कळत नाही, मेकॅनिककडून लिहून आणा.’ मीच मेकॅनिक आहे, सांगितलं. चालणार नाही म्हणाले. दुसऱ्या फेरीत सगळ्या चॅटचे प्रिंट मागितले. ४६ पानं, दोन रुपयांप्रमाणे ९२ रुपये, तेही याच हिशेबात धरा. तिसऱ्या फेरीत सांगितलं, आरोपी पुण्याचा, तिकडे जा. नंतर एका वकील गिऱ्हाइकाने सांगितलं, की १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असो, खबर घ्यावी लागते. न्याय संहितेतलं ३१८ हे फसवणुकीचं कलम. ही दोन्ही कलमं कागदावर लिहून चौथ्यांदा गेलो. साहेब बंदोबस्तावर होते.

बँकेत गेलो. ‘पिन तुम्ही स्वतः टाकलाय, व्यवहार अधिकृत आहे.’ बरं, समोरच्या खात्याचा पत्ता तरी द्या. ‘पोलिसांनी मागितला तर देऊ.’ पोलिसांकडे आलो. ‘पत्ता आणा, मग बघू.’ ग्राहक आयोगात जायचं म्हटलं, तर पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही, पण समोरच्याचा पत्ता लागतोच. ज्या खात्यात माझे १५,०७० गेले, त्याचा आधार, पॅन, घरचा पत्ता एका कॉम्प्युटरमध्ये आहे. सगळ्यांना ठाऊक आहे. मागायचं कुणी, एवढाच प्रश्न, आणि त्यापायी मी माझं दुकान चार दिवस बंद ठेवलं. हातगाडीवाल्याने वजनात मारलं तर त्याचा काटा उचलून नेतात. इथे नाव, नंबर, आवाज, व्हिडिओ सगळं हातात दिलंय, आणि मलाच विचारतात, या वयात गेम कशाला.

एक चूक माझी. १९३० या सायबर हेल्पलाइनला मी पेटी आल्यावर चौथ्या दिवशी फोन केला. तोवर खातं रिकामं. संशय आला त्या तासालाच फोन करा, पेटीची वाट पाहू नका. कस्टम्सचं नाव निघालं तेव्हाच मी केला असता, तर निदान शेवटचे ६४० तरी वाचले असते.

हँडल हवंच असेल तर सुटं घ्या, बिल देणाऱ्याकडून. जेएलएफच्या खालच्या बोर्डावर पाच पिनांचा एक सॉकेट असतो, त्याचा जवळून फोटो मागा, आणि फोटोत कागदावर आजची तारीख लिहून ठेवायला सांगा. ‘चारही ठिकाणी चालतं’ म्हणणाऱ्याला विचारा, आत कोणती चिप. मी आता तसंच करतोय. मेगा ड्राइव्हचा एक मेलेला तीन बटणांचा पॅड शेजारच्या मुलाकडून मिळाला, त्याचं रबर गेलंय, बोर्ड चांगलं आहे. त्यालाच तारा सोल्डर करून हँडल जोडणार. हे काम मी फेब्रुवारीतच केलं असतं. दुकानात गर्दी होती, लाकूडकाम येत नाही, म्हणून दुसऱ्यावर सोपवलं.

पुतण्याची माफी मागितली.

नव्या नावाने तो आता १६,५०० सांगतोय. व्हिडिओ तोच आहे, फक्त आवाज काढून गाणं टाकलंय. ओळखायची खूण लिहून ठेवा: टेबलावर निळ्या फुलांचं मेणकापड, पेटीच्या उजव्या कोपऱ्यावर कागदाला फुगा, आणि चौदाव्या सेकंदाला तो नाक खाजवतो.