प्रकाशनपूर्व सवलतीत घेतलेले दोन खंड

पेशवेकालीन निवडक पत्रांच्या दोन खंडांसाठी पुण्यातील एका प्रकाशन संस्थेने प्रकाशनपूर्व सवलत योजना जाहीर केली होती. १,५०० रुपये छापील किमतीचा संच आगाऊ नोंदणी करणाऱ्यांना टपालखर्चासह १,००० रुपयांत मिळणार होता. ग्रंथ म्हणून हा संच उत्तम आहे. योजना राबवताना मात्र संस्था कमी पडली.

कापडी बांधणी भक्कम आहे, पाने शिवलेली असल्यामुळे खंड टेबलावर सपाट उघडा राहतो, आणि मोडी पत्रांची छायाचित्रे इतकी स्वच्छ छापली आहेत की लिप्यंतर मूळ अक्षरांशी ओळीने ताडून पाहता येते. अभ्यासकाला याहून अधिक काय हवे? दुसऱ्या खंडात एक फर्मा (एकत्र छापून घडी घातलेल्या पानांचा जुडगा) उलटा बांधला गेला होता, परंतु छायाचित्र पाठवताच संस्थेने कोणतीही खळखळ न करता खंड बदलून दिला.

खरी तक्रार विलंबाची आहे. गुढीपाडव्याला मिळणारा संच गणपतीनंतर आला आणि मधल्या काळात संस्थेने स्वतःहून एक ओळही कळवली नाही. मीच दूरध्वनी केला तेव्हा सूचीचे काम लांबल्याचे समजले. सूची नेटकी व्हावी म्हणून लागलेला वेळ कोणताही वाचक आनंदाने देईल, पण तो त्याच्याकडून मागून घ्यायला हवा. आगाऊ पैसे भरणारा वाचक कागद-छपाईचा भार उचलतो, किती प्रती छापाव्यात याचा अंदाज प्रकाशकाला देतो आणि विक्रेत्याचे कमिशनही वाचवतो; सवलत ही त्याचीच परतफेड असते. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांचा २३ खंडांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोशही लोकांनी आधी पैसे गुंतवले म्हणूनच उभा राहू शकला. अशा वाचकाला केवळ गिऱ्हाईक समजणे मला पटत नाही.

त्यातच, संच घरी आला त्याच सुमारास तो एका ग्रंथप्रदर्शनात १,००० रुपयांनाच विकला जात होता. निदान वर्षभर तरी हा दर नोंदणीदारांपुरताच राखायला हवा होता.

तिसऱ्या खंडाची नोंदणी सध्या सुरू आहे. संपादनाचा दर्जा पाहता ती जरूर करावी, मात्र प्रकाशनाची तारीख आणि ती टळल्यास पैसे परत मिळण्याची अट पावतीवर लिहून घ्यावी. मी मागितल्यावर संस्थेने ती लिहून दिली आहे.