केंद्र संस्थेला द्यावं, कामावर भत्ता मागावा, की समितीचे हात मोकळे करावेत?

माझा भाचा पेठ तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्राच्या रुग्ण कल्याण समितीवर, म्हणजे केंद्राचा किरकोळ खर्च ठरवणाऱ्या स्थानिक समितीवर आहे. मागच्या महिन्यात नाशिकला आला तो ठरावाचा मसुदा खिशात घेऊनच. केंद्रात डॉक्टर टिकत नाही. मग केंद्र एखाद्या बिगरसरकारी संस्थेला चालवायला द्या असं वर लिहायचं, की कर्मचाऱ्यांना कामाप्रमाणे भत्ता मागायचा, की समितीलाच जास्त पैसा आणि मोकळीक मागायची? "मामा, तुमची नोकरी आरोग्य खात्याची बिलं काढण्यात गेली, तुम्हीच सांगा." बिलं काढणाऱ्याला खुर्चीतून जेवढं दिसतं तेवढं सांगतो. असा ठराव पुढ्यात असलेल्या इतरांनाही उपयोगी पडेल.

तिन्ही वाटा जुन्या आहेत. 1980 नंतर ब्रिटन, न्यूझीलंडकडे सरकारी कारभार खाजगी धंद्यासारखा चालवायची टूम निघाली. एमपीएससीची पोरं 'नव लोकव्यवस्थापन' म्हणून पाठ करतात ते हेच. सेवा विकत घेणारा वेगळा, देणारा वेगळा, दोघांत करार आणि करारात आकडे. पुढे कर्ज आणि सल्ल्याबरोबर ही टूम गरीब देशांत पोचली. तिथे करार लिहिणारे पुष्कळ होते. तो तपासायला उन्हातान्हात फिरणारा माणूस मात्र क्वचितच होता.

संस्थेला देण्याच्या बाजूने सगळ्यात जास्त सांगितलं जाणारं उदाहरण कंबोडियाचं. 1999 ते 2003 या काळात तिथे काही जिल्हे संस्थांकडे पूर्ण सोपवले, काहींत संस्थेने फक्त व्यवस्थापन पाहिलं आणि कर्मचारी सरकारीच राहिले, बाकीचे जसेच्या तसे ठेवून तुलना केली. करारातल्या बाबी, म्हणजे लसीकरण, गरोदर बायांची तपासणी वगैरे, संस्थांच्या जिल्ह्यांत चांगल्याच सुधारल्या. पण पूर्ण सोपवलेल्या जिल्ह्यांत कर्मचाऱ्यांना पगार वाढवून देऊन खाजगी प्रॅक्टिस बंद करायला लावली होती आणि माणशी खर्चही जास्त होता. आपल्याकडे संस्थेला द्या म्हणणाऱ्यांच्या मनात बहुतेक वेळा 'स्वस्तात होईल' हेच असतं, तिथेच गाडी अडते. कर्नाटकात चामराजनगर जिल्ह्यातलं गुंबळ्ळीचं केंद्र 1996 साली डॉ. सुदर्शन यांच्या करुणा ट्रस्टकडे चालवायला दिलं, आणि त्याचं नाव चांगलं झालं. पण ती मंडळी त्या डोंगरात आदिवासींबरोबर आधीपासूनच काम करत होती. निविदा भरून आलेली नव्हती.

निविदा भरून आलेल्यांचा माझा अनुभव सांगतो, नाव नको. एका ठेकेदाराच्या गाडीची लॉगबुकं बिलासोबत यायची. महिनाभर रोज फेरी, दर फेरी बरोबर 64 किलोमीटर. त्यातले आठ दिवस गाडीचं इंजिन उतरवून गॅरेजमध्ये ठेवलं होतं, हे मला गॅरेजवाल्याकडून कळलं, तेही योगायोगाने, माझी स्कूटर तिथेच होती म्हणून. कागद निर्दोष होते, सह्या तीन होत्या. मी बिल अडवलं तर "नियमात काय बसत नाही ते दाखवा" असा प्रश्न आला. पोरा, करार दिला की तपासायचं काम दुप्पट होतं, कमी होत नाही.

आता कामावर भत्ता. रवांडाने 2006 पासून हे देशभर नेलं. तिथला अभ्यास 2011 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. मला तो पटतो, कारण तुलनेतल्या केंद्रांनाही तेवढाच पैसा दिला होता, फक्त कामाची अट न घालता. भत्त्याच्या केंद्रांत दवाखान्यातली बाळंतपणं 23 टक्क्यांनी वाढली. पण गरोदरपणातल्या चार तपासण्या पूर्ण करणाऱ्या बाया आणि सगळ्या लसी मिळालेली मुलं काही वाढली नाहीत. बाळंतपणाला बाईला एकदा आणायचं असतं, तपासणीला चारदा. हिशोब सरळ आहे.

आणि पेठ-सुरगाण्यात तर आणखी एक गोम आहे. ऑक्टोबर छाटणी सुरू झाली की अर्धं गाव दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत. गरोदर बाई बागेतल्या खोपटात, तिचं कार्ड तुमच्या उपकेंद्रात. बाळंतपण पिंपळगावकडे झालं तर आकडा त्यांचा, चार महिने घरोघरी फिरलेली आशा आणि नर्स तुमची. भत्ता त्या आकड्यावर ठेवलात तर प्रामाणिक नर्स उपाशी राहील आणि हुशार नर्स रजिस्टर सजवायला शिकेल. मागायचाच तर रात्रपाळीला हजर राहण्यावर मागा. ते तिच्या हातात आहे, आणि गावाला डोळ्यांनी दिसतं.

तिसरी वाट सगळ्यात कमी दिमाखाची. 2005 साली ग्रामीण आरोग्य अभियान आलं, त्याच्या मूळ निकषांत प्राथमिक केंद्राला वर्षाला अबंधित (म्हणजे ठरावीक बाबीला न बांधलेले) 25 हजार, देखभालीचे 50 हजार आणि समितीचे एक लाख, असे पावणेदोन लाख होते. एवढ्यात काय होतं? एका केंद्रात ऑटोक्लेव्हचा, म्हणजे साहित्य वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्राचा, रबरी गॅस्केट फाटला होता. आधीच्या पद्धतीत मागणीपत्र, तीन कोटेशन, मंजुरी, आणि तोवर साहित्य पातेल्यात उकळायचं. समितीकडे पैसा आल्यावर फार्मासिस्ट नाशिकहून येताना पिशवीत गॅस्केट घेऊन आला. दुसऱ्या दिवशी प्रसूतिगृह सुरू. असे पैसेही काही केंद्रांत ऑडिटच्या धाकाने पडून राहतात आणि मार्चअखेर खुर्च्या-पडद्यांवर उडतात, तेही मीच पाहिलं आहे. शिवाय 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य केंद्रांत सगळं मोफत झालं. रुग्णासाठी चांगलंच, पण केसपेपरची चिल्लर समितीच्या डब्यात पडायची तीही थांबली.

या वाटेने डॉक्टर मात्र येणार नाही. तो वरूनच यावा लागतो. औषधांचंही तसंच. तमिळनाडूने 1995 पासून खरेदी एका महामंडळाकडे दिली, प्रत्येक दवाखान्याला औषधांच्या हिशोबाचं पासबुक दिलं आणि माल बाहेरच्या प्रयोगशाळांतून तपासून घेतला. महाराष्ट्राने असं स्वतंत्र प्राधिकरण 2023 च्या कायद्याने केलं. ते नीट चाललं तर तुमच्या अर्ध्या तक्रारी ठरावाशिवाय मिटतील.

माझं मत त्याला तिथेच सांगितलं. आधी समितीचा निधी आणि खर्चाची मर्यादा वाढवून मागा. डॉक्टरांचं पद दोन वर्षं रिकामंच राहिलं, आणि तालुक्याला महिन्यातून एकदा पाड्यावर जाऊन मोजणी करणारा माणूस असला, तर संस्थेचं बघा. भत्ता शेवटी.

"मोजणी करणारा माणूस कोण देणार?" त्याने विचारलं.

मी त्याला वहीचं कोरं पान दिलं. ओपीडी रजिस्टरमधली मागच्या आठवड्याची कुठलीही दहा नावं उतरव, त्यांच्या घरी जा, डॉक्टर भेटला का आणि गोळ्या कुठून घेतल्या ते विचार. परवा त्याचा फोन आला. सात घरं झाली होती. दोन घरांत ते नाव असलेलं कुणी राहतच नव्हतं.