डॅटसन २४० झेड: स्वतः दुरुस्ती करत वापरल्यानंतरचा अनुभव

१९७२ सालची डॅटसन २४० झेड ही जपानी स्पोर्ट्स कार माझ्याकडे येऊन आता बरेच महिने झाले आहेत. या काळात पत्र्याचे वेल्डिंग आणि मागच्या सस्पेन्शनमधले एक काम वगळता तिची सर्व दुरुस्ती मी कॅलिफोर्नियातील सॅन होजेमधील घराच्या गॅरेजमध्ये स्वतः केली. ही गाडी घेण्याआधी मी जे काही वाचले, त्यात तिचे रूप, इंजिनाचा आवाज आणि वाढत गेलेल्या किमती यांविषयी भरपूर होते. पण स्वतः पाना हातात घेणाऱ्या माणसाचे तिच्याबरोबर कसे जमते, यावर मराठीत काहीच मिळाले नाही, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. माझे मत आधीच सांगते. या गाडीचे इंजिन हा तिचा सर्वांत कमी त्रासाचा भाग आहे. खरे काम असते ते गंजाशी, वायरिंगशी आणि आधीच्या मालकांनी पन्नास वर्षांत करून ठेवलेल्या फेरफारांशी.

जपानमध्ये ही गाडी १९६९ च्या अखेरीस ‘फेअरलेडी झेड’ या नावाने आली आणि अमेरिकेत १९७० च्या मॉडेलपासून २४० झेड म्हणून विकली गेली. डॅटसन हे निस्सान कंपनीचेच गाड्यांचे नाव; निस्सानच्या अमेरिकेतील कारभाराचे प्रमुख युताका काटायामा यांचा या गाडीसाठी मोठा आग्रह होता. साडेतीन हजार डॉलरच्या आसपास किंमत, २३९३ सीसीचे सरळ सहा सिलिंडरचे इंजिन, चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन आणि सुमारे साडेदहाशे किलो वजन, असा हा हिशेब होता. तिच्या टिकाऊपणाचा पुरावा पूर्व आफ्रिकेच्या रस्त्यांवर मिळाला: १९७१ आणि १९७३ अशा दोन्ही वर्षी सफारी रॅली २४० झेडनेच जिंकली, आणि १९७३ मध्ये चाकामागे होते युगांडात जन्मलेले, भारतीय वंशाचे शेखर मेहता. मला ही माहिती गाडी घेतल्यानंतर कळली आणि तेव्हापासून या गाडीबद्दल जरा जास्तच आपलेपणा वाटू लागला, हेही नोंदवते.

हत्यारांबद्दल थोडे, पण महत्त्वाचे. १०, १२, १४ आणि १७ मिलिमीटरचे पाने असले की या गाडीचा बहुतेक भाग उघडता येतो; भारतात मारुती ८०० उघडलेल्या हातांना ही मापे ओळखीची वाटतील. खरी अडचण चौफुली स्क्रूंची आहे. हे स्क्रू जपानी मानकाचे आहेत आणि त्यांच्या डोक्यातील खाच नेहमीच्या फिलिप्स स्क्रू-ड्रायव्हरपेक्षा थोडी वेगळी आहे. फिलिप्सचे टोक त्यात पूर्ण बसत नाही, जोर लावताच वर सरकते आणि खाच गोल करून टाकते. कार्बोरेटरच्या (इंजिनाला हवा-पेट्रोलचे मिश्रण देणाऱ्या भागाच्या) झाकणांचे स्क्रू माझ्याकडे आले तेव्हा त्यातले अनेक असे खराब झालेले होते. जपानी मानकाच्या टोकांचा संच आणि हातोडीने ठोकून फिरवायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर, या दोन गोष्टी पहिल्या दिवशीच घ्याव्यात. गाडी जॅकवर उचलली की खाली भक्कम स्टँड लावल्याशिवाय तिच्याखाली जाऊ नये, हे कोणत्याही गाडीला लागू असले तरी इथे पुन्हा लिहिते, कारण या गाडीच्या तळाचे चेसिसचे पट्टे जुन्या गंजाने आतून पोकळ झालेले असू शकतात आणि बाहेरून चांगला दिसणारा भागही जॅकवर दबतो.

गंजाविषयी अधिक सांगायला हवे, कारण गाडी घ्यायची की नाही हे त्यावरच ठरले पाहिजे. बॅटरीखालचा पत्रा आम्लाने खाल्लेला असतो आणि तिथून गंज खालच्या पट्ट्यात उतरतो. पायाखालचा पत्रा, मागच्या चाकांच्या पुढचा कोपरा, मागच्या दाराची खालची कड आणि सुट्या चाकाची खोबण ही बाकीची ठिकाणे. कॅलिफोर्नियाच्या कोरड्या हवेत राहिलेली गाडी बर्फाच्या प्रदेशातील गाडीपेक्षा पुष्कळ बरी असते, तरी गालिचा उचलून, लहान हातोडीने हलकेच ठोकून आणि आवाज ऐकून तपासल्याशिवाय पैसे देऊ नयेत. रंगकाम नवे असेल तर अधिकच सावध राहावे. माझ्या गाडीत बॅटरीखालचा भाग बदलावा लागला आणि ते काम मी वेल्डिंगच्या कारागिराकडे दिले. जो पत्रा सगळ्या गाडीचा भार वाहतो, त्यावर हौशी वेल्डिंग करणे मला योग्य वाटत नाही.

आता इंजिनाकडे येते. ब्लॉक बिडाचा, हेड अ‍ॅल्युमिनियमचे, वर एक कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) आणि तो फिरवायला साखळी, त्यामुळे ठरावीक मैलांनंतर टायमिंग बेल्ट बदलण्याची चिंता नाही. बीड आणि अ‍ॅल्युमिनियम एकत्र असल्याने कूलंट वेळेवर बदलणे मात्र अत्यावश्यक आहे. नुसते पाणी भरून चालवलेल्या इंजिनात हेडमधील पाण्याच्या वाटा आतून खाल्ल्या जातात. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हवरची फट, सेट करणे हे या इंजिनावरचे सर्वांत समाधान देणारे काम. इंजिन गरम असताना इनटेक व्हॉल्व्हला ०.२५ आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हला ०.३० मिलिमीटर फट ठेवायची, आणि थंड असताना अनुक्रमे ०.२० आणि ०.२५. १७ च्या पान्याने लॉकनट सैल करायचा, १४ च्या पान्याने फट जुळवायची, फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) किंचित अडखळत सरकला पाहिजे, आणि लॉकनट घट्ट केल्यावर पुन्हा मोजायचे, कारण घट्ट करताना माप हमखास बदलते. कॅमशाफ्ट आणि रॉकर यांच्यात हे मोजमाप डोळ्यांसमोर होते, काहीही अडचणीत हात घालून करावे लागत नाही. या जोडीला घर्षण अधिक असल्यामुळे जस्ताचे प्रमाण चांगले असलेले २०डब्ल्यू-५० तेल मी वापरते.

इंजिनावरच्या कामांत सर्वांत जास्त वेळ मी घालवला तो दोन हिताची कार्बोरेटरवर, आणि तो वेळ सार्थकी लागला असे माझे ठाम मत आहे. १९७३ मध्ये प्रदूषणाच्या नियमांसाठी बसवलेले चपट्या डोक्याचे कार्बोरेटर अनेकांनी पुढे काढून टाकले आणि त्याजागी १९७२ पर्यंतचे गोल डोक्याचे बसवले. माझ्या सुदैवाने गाडीत मूळचेच गोल डोक्याचे होते. ब्रिटिश एसयू कार्बोरेटरच्या तत्त्वावर ते चालतात: हवेच्या ओढीप्रमाणे पिस्टन वर-खाली होतो आणि त्याला लावलेली निमुळती सुई पेट्रोलची वाट कमी-जास्त मोकळी करते. एका जेटमध्ये एक सुई, एवढे साधे असल्यामुळे काय बिघडले हे समजून घेता येते. जुळवण्याचा क्रम मात्र मोडता येत नाही. आधी टॅपेट, मग इग्निशन, मग हवा कुठून चोरून आत येत नाही ना याची खात्री, आणि शेवटी कार्बोरेटर. मिश्रणाचा नट पूर्ण वर करून अडीच फेरे खाली आणणे ही सुरुवातीची जागा. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर दोन्ही कार्बोरेटरना जोडणारा दांडा सोडवायचा आणि हवेचा ओघ मोजणाऱ्या उपकरणाने दोघांची ओढ सारखी करायची. त्यानंतर एकेका पिस्टनला एखादा मिलिमीटर उचलून पाहायचे: इंजिनाचा वेग क्षणभर वाढून परत जागेवर आला तर मिश्रण योग्य, वाढून तसाच राहिला तर पेट्रोल जास्त, आणि इंजिन खाली बसू लागले तर पेट्रोल कमी. प्लगचा रंग दुसऱ्या दिवशी याचीच साक्ष देतो. पिस्टनवरच्या नळीत पातळ तेल दोन खुणांच्या मध्ये राहिले पाहिजे. ते संपले की एकदम अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर गाडी अडखळते आणि माणूस विनाकारण मिश्रणाशी खेळत बसतो. वर्षानुवर्षे चालून थ्रॉटलचा आडवा दांडा झिजलेला असेल तर कितीही जुळवले तरी स्लो स्पीड टिकत नाही, तेव्हा बुश बदलून घेणे हाच उपाय आहे.

या इंजिनात इनटेक आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला आहेत आणि कार्बोरेटर एक्झॉस्टच्या बरोबर वर बसतात. त्यामुळे उन्हाळ्यात गाडी बंद करून थोड्या वेळाने पुन्हा सुरू करताना पेट्रोलची वाफ झालेली असते आणि बराच वेळ स्टार्टर मारावा लागतो. मधला उष्णतारोधक पत्रा जागेवर असणे आणि पेट्रोलच्या नळ्या गरम भागांपासून दूर नेणे, एवढ्याने माझ्याकडे हा त्रास पुष्कळ कमी झाला.

वायरिंग हा भाग मला सर्वांत चिंतेचा वाटला. हेडलाइटसाठी मूळ रचनेत रिले (थोड्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारे स्विच) नाहीत; दिव्यांचा सगळा प्रवाह फ्यूजबॉक्समधून आणि स्टिअरिंगवरच्या स्विचमधून जातो. इतक्या वर्षांत स्विचच्या आतील पट्ट्या काळ्या पडतात, फ्यूजच्या पकडी सैल होतात, तिथे उष्णता वाढते आणि फ्यूजबॉक्सचे प्लॅस्टिक वितळते. पार्किंग लाइटच्या फ्यूजजवळ हे प्रथम दिसते. रिले बसवून मुख्य प्रवाह बॅटरीपासून थेट दिव्यांकडे नेला, स्विचकडे फक्त हुकमाचे काम ठेवले, आणि दिवे लक्षात येण्याइतके उजळ झाले. या गाडीवर एकच बदल करायचा असेल तर हा करावा. प्लगची ठिणगी ठरवणाऱ्या जुन्या यांत्रिक पॉइंट्सऐवजी पुढच्या २८० झेडएक्स मॉडेलचा इलेक्ट्रॉनिक डिस्ट्रिब्युटर बसवण्याची पद्धत सर्वत्र आहे आणि ती चांगली आहे, मात्र २४० झेडचा आरपीएम मीटर इग्निशनच्या तारेतून वाहणाऱ्या प्रवाहावर चालतो. त्यामुळे बॅलास्ट रेझिस्टर (इग्निशनचा प्रवाह मर्यादित ठेवणारा भाग) काढताना तार चुकीच्या जागी जोडली तर इंजिन चालते आणि मीटर मरतो. माझ्या गाडीत आधीच्या कोणीतरी असेच केलेले होते आणि मूळ आकृतीवर बोट ठेवून एकेक तार शोधेपर्यंत मीटर बिघडला आहे असेच सगळे सांगत होते.

गाडीत बसल्यावर येणारा धुराचा वास ही या मॉडेलची जुनी तक्रार आहे. उभ्या कापलेल्या मागच्या बाजूला हवेचा दाब कमी होतो आणि धूर मागच्या दाराच्या रबरातून, दिव्यांच्या गास्केटमधून आत ओढला जातो. शिवाय मागच्या उजव्या बाजूच्या आवरणाआड पेट्रोलच्या वाफेची टाकी आणि तिच्या रबरी नळ्या असतात. कॅलिफोर्नियातील पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल असते आणि जुने रबर त्याने लवकर कडक होऊन तडकते. सर्व नळ्या इथेनॉल सहन करणाऱ्या घेतल्या, रबर आणि गास्केट बदलली, तेव्हा कुठे वास गेला. हे काम कंटाळवाणे आहे, पण कार्बन मोनॉक्साइडशी गाठ असल्याने टाळू नये.

ब्रेक पुढे डिस्क आणि मागे ड्रम, साधे आहेत. रबरी होज आणि सिलिंडर नवे घातल्यावर काही पाहावे लागले नाही. मागच्या सस्पेन्शनची लांब स्पिंडल पिन (चाकाचा भाग खालच्या आधाराला जोडणारी) मात्र गंजून इतकी घट्ट बसते की ती काढायला खास ओढणी किंवा प्रेसच लागते. तेच काम मी बाहेर दिले.

सुट्या भागांबाबत संमिश्र अनुभव आहे. यांत्रिक भाग, गास्केट, बुश सहज मिळतात. नव्याने बनवलेली दारांची रबरे मात्र एकसारखी नसतात. एका विक्रेत्याकडून आलेल्या रबराने दार बंदच होईना, दुसरे पहिल्याच दिवशी नीट बसले. १९७५ आणि त्याआधीच्या गाड्यांना कॅलिफोर्नियात स्मॉग (धुराच्या प्रदूषणाच्या) तपासणीतून सूट आहे, त्यामुळे कागदोपत्री त्रास काही नाही. सॅराटोगाहून हायवे ९ ने स्कायलाइनपर्यंतचा चढ ती आता न अडखळता तिसऱ्या गिअरमध्ये घेते आणि गरमीचा काटा मधून हलत नाही. डिफरन्शियलच्या मागच्या आधाराचे रबर आणि स्टिअरिंग रॅकचे बुश बदलणे बाकी आहे. भाग आणून ठेवले आहेत.