ठाण्याच्या गर्दीसाठी गुरू कोण: कार्तिए-ब्रेसाँ की रघुबीर सिंग?

रस्त्यावरचे छायाचित्रण गांभीर्याने करू लागलेल्या माणसाचा कॅमेरा आणि लेन्स ठरली, तरी नजर कोणाची कामे पाहून घडवायची हा प्रश्न शिल्लक राहतोच. माझ्यापुरती ही निवड कृष्णधवल चित्रांसाठी ओळखले जाणारे फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ आणि रंगीत चित्रांसाठी ओळखले जाणारे भारतीय छायाचित्रकार रघुबीर सिंग या दोघांवर येऊन ठेपली. दोघेही हयात नसल्याने ही शागिर्दी पुस्तकांतूनच करावी लागते.

ब्रेसाँ यांच्याकडून मिळते ती शिस्त. तरुणपणी चित्रकला शिकलेल्या या छायाचित्रकाराने बहुतांश काम ५० मिलिमीटरच्या लेन्सवर केले, चौकट टिपतानाच पक्की केली आणि नंतर ती कापायला सहसा नकार दिला. (पॅरिसच्या सँ-लाझार स्थानकामागे डबक्यावरून उडी घेणाऱ्या माणसाचे १९३२ सालचे गाजलेले छायाचित्र मात्र कापलेले आहे, हे त्यांच्या भक्तांनी अधूनमधून आठवायला हरकत नाही.) श्रीनगरला १९४८ साली टिपलेल्या चित्रातील स्त्रीचे पुढे पसरलेले हात आणि पलीकडचे डोंगर व ढग यांचे नाते इतके नेमके जुळले आहे की, आपले हुकलेले छायाचित्र नेमके कोठे हुकले हे त्याच्याशेजारी ठेवताच कळते. नवख्याला याहून चांगली शिकवणी क्वचितच मिळेल.

तरीही ठाण्यातल्या जांभळी नाक्याच्या बाजारात मला ही शिकवणी जाचू लागली, आणि तिचे कारण तसे क्षुल्लक आहे. ब्रेसाँ यांच्या पद्धतीने मोकळी पार्श्वभूमी हेरून योग्य माणूस तीत येण्याची वाट पाहायची, तर येथे पार्श्वभूमी मोकळी होतच नाही. गजरा गुंफणाऱ्या बाईंच्या बोटांवर लक्ष केंद्रित करावे, तोच कोणाचा तरी खांदा, भाजीची फुगलेली पिशवी किंवा उभ्या स्कूटरचा आरसा मध्ये येतो. तो बाजूला होईपर्यंत गिऱ्हाइकाशी घासाघीस संपलेली असते आणि बाईंचा चेहरा पुन्हा निर्विकार झालेला असतो. ठाणे स्थानकाबाहेरच्या सॅटिस पुलाखाली संध्याकाळी हाच अनुभव दुप्पट वैतागाने येतो. त्यात ब्रेसाँ यांच्यासारखा कृष्णधवलाचा आग्रह धरला, तर तांबडे टोमॅटो आणि त्यांच्यामागच्या हिरव्या मिरच्या जवळजवळ एकाच करड्या छटेत विरून जातात.

रघुबीर सिंग यांच्या चित्रांत हाच खांदा आणि हाच आरसा चौकटीचा आधार होतो. अँबॅसॅडर गाडीचे दार, खिडकी आणि काच यांनी चिरलेली त्यांची दृश्ये पाहावीत, किंवा हावड्याच्या पदपथावरील आरशांच्या दुकानाचे १९९१ सालचे चित्र पाहावे; मध्ये आलेली वस्तू तेथे अडथळा राहत नाही, ती एका दृश्याची चार दृश्ये करते. रंग त्यांना सजावटीसाठी नको होता. भारतीय जगणे रंगांतूनच दिसते, अशी त्यांची भूमिका होती. त्यांचे सगळेच मला पटते असे नाही. काही चौकटी इतक्या भरलेल्या असतात की डोळा थकतो, आणि त्यांचे अनुकरण करणाऱ्याचा नुसता पसारा होण्याचा धोका मोठा आहे.

निवड सोपी करणारी एक गोष्ट त्यांच्या चरित्रातच आहे. १९४२ साली जयपुरात जन्मलेल्या सिंग यांनी १९६६ साली त्याच शहरात ब्रेसाँ यांना प्रत्यक्ष काम करताना पाहिले होते. त्यामुळे सिंग यांच्याकडे गेलेल्याच्या हाती ब्रेसाँ यांची शिस्तही काही अंशी येते. उलट दिशेने मात्र हे घडत नाही.

येऊरच्या जंगलातल्या वाटा किंवा पहाटेचा मासुंदा तलाव हाच ज्यांचा विषय आहे, त्यांना ब्रेसाँ कदाचित अधिक मानवतील. बाजार आणि स्थानक हवे असेल, तर सिंग यांच्या १९९४ सालच्या मुंबईवरील पुस्तकापासून आरंभ करावा, असे मी सुचवीन. ते शक्यतो छापील प्रतीतच पाहावे, कारण त्यांच्या चित्रांतला निम्मा मजकूर कडांवर असतो आणि मोबाइलच्या पडद्यावर सर्वांत आधी हरवतात त्या कडाच.