चार पायांचा घोडा की दोन पायांचं तट्टू: सेकंड लाइफमध्ये कुठलं शरीर घ्यावं

वाईची माझी एक मैत्रीण मध्यंतरी साताऱ्यात आली होती. पोवई नाक्यावर भेटलो. गाडी स्टँडवर लावायच्या आधीच तिनं विचारलं, "अगं, चार पायांचा घेऊ की दोन पायांचा? पैसे एकदाच घालणार आहे मी." भर रस्त्यात या विषयावर किती बोलणार? रात्री तिला सविस्तर लिहून पाठवलं. तेच इथं जरा नीट लावून देतेय, कारण हा प्रश्न मला आणखी तिघांनी विचारलाय आणि दर वेळी पहिल्यापासून सांगावं लागतं.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सेकंड लाइफ हे २००३ पासून चालू असलेलं आभासी जग आहे. तिथल्या पोनीच्या खेळात एक सज्ञान माणूस घोड्याची भूमिका घेतो आणि दुसरा चाबुकस्वाराची किंवा मोतद्दाराची. लगाम, चाल, हुकूम, खरारा, तालीम हे सगळं त्यात येतं. काहींसाठी त्यात शृंगार असतो, काहींना नुसती भूमिका जगायची असते. दोन्ही प्रकार अठरा वर्षांपुढच्यांचेच. सेकंड लाइफमध्ये जागांना जनरल, मॉडरेट आणि ॲडल्ट असे तीन दर्जे आहेत आणि हा खेळ ॲडल्ट जागेतच खेळायचा. २००९ मध्ये त्यासाठी झिंड्रा नावाचा वेगळा खंडच काढला गेला. लहान मुलासारखा दिसणारा अवतार, म्हणजे तिथलं आपलं शरीर, अशा भागात चालत नाही, त्यामुळे 'शिंगरू' वगैरे कल्पना कुणी सुचवली तर तिथंच नाही म्हणा आणि बाहेर पडा.

व्हीआरचॅट या दुसऱ्या आभासी जगाबद्दलही विचारतात. तिथं सार्वजनिक ठिकाणी प्रौढांचा खेळ चालत नाही आणि स्वतःचा अवतार चढवायचा तर युनिटी नावाचं सॉफ्टवेअर शिकावं लागतं. या खेळासाठी मी ते बाजूला ठेवते.

तर दोन शरीरं. पहिलं म्हणजे खराखुरा चार पायांचा घोडा: माणसाचं शरीर पूर्ण झाकलं जातं आणि त्या जागी घोड्याचं मेश शरीर, म्हणजे अंगावर चढवायचं तयार त्रिमितीय शरीर, येतं. दुसरं म्हणजे माणसाचंच मेश शरीर, त्यावर लगाम, झापडं, आयाळ, शेपूट, खुराचे बूट आणि हातांनाही खूर. याला मी तट्टू म्हणते. मधला एक प्रकारही आहे, कमरेवर माणूस आणि खाली घोडा. तो दिसायला देखणा असतो, पण त्याला लगामही शोभत नाही आणि खुर्चीही. माझ्या मते निवड पहिल्या दोनांतच करावी.

मी स्वतः सुरुवात चार पायांनी केली. मला काळा घोडा हवा होता, चारही पाय पांढरे आणि कपाळावर पांढरा पट्टा, म्हणजे आपल्याकडचा पंचकल्याणी. तो मिळाला. पहिल्या रात्री एका मोकळ्या माळावर मी त्याला दोन तास नुसता पळवला, आणि तो आनंद आजही विसरलेले नाही. टापांचा आवाज आणि मागं उडणारी आयाळ, बस. तुम्हाला हेच हवं असेल, कळपात पळायचं असेल, तळ्याकाठी उभं राहून फुरफुरायचं असेल, तर पुढचं वाचायची फारशी गरज नाही. चार पायांचाच घ्या.

पण घेताना चाल बघून घ्या, रंग बघून नव्हे. हे मला पाचगणीनं शिकवलं. टेबल लँडवर पर्यटकांना फिरवणारी तट्टं उभी असतात. एका रविवारी मी तासभर कठड्यावर बसून फक्त त्यांच्याकडे पाहिलं. गिऱ्हाईक नसलेलं एक तांबडं तट्टू मागचा एक पाय सैल सोडून खुराच्या टोकावर टेकवून उभं होतं. थोड्या वेळानं त्यानं पाय बदलला. मालकानं लांबून हाक मारली तेव्हा मान हलली नाही, आधी एक कान वळला. मग दुसरा. मग मान. मालकानं जवळ येऊन मोहरकीत फक्त दोन बोटं घातली आणि ते चालायला लागलं, ओढावं लागलं नाही.

घरी येऊन माझा अवतार उभा करून पाहिला तर तो चारही पायांवर खांबासारखा उभा, कान थिजलेले. शरीर सुंदर होतं, पण त्यात घोडा नव्हता. सेकंड लाइफच्या अवताराच्या सांगाड्यात पूर्वी २६ हाडं असायची, त्यामुळे घोडा करायचा तर माणसाचाच सांगाडा वाकवून भागवावं लागे. डिसेंबर २०१६ मध्ये बेंटो नावाचा वाढीव सांगाडा आला आणि मागच्या पायांची, शेपटीची, चेहऱ्याची, कानांची वेगळी हाडं मिळाली. म्हणून जुना, स्वस्त दिसणारा घोडा घेऊ नका. डेमो अंगावर चढवा आणि पाच मिनिटं काहीही न करता बघत बसा. कान आपोआप हलतात का? मागचा पाय टेकतो का? शेपूट मुळापासून हलते की नुसतं टोक? पळताना तर सगळेच घोडे बरे दिसतात, खोट कळते ती उभं राहिल्यावर.

चार पायांची खरी अडचण मला तिसऱ्या आठवड्यात कळली. मला पाठीवर स्वार हवा होता. पण सेकंड लाइफमध्ये दुसऱ्याच्या अंगावर चढवलेल्या वस्तूवर बसता येत नाही. म्हणजे अवताराच्या पाठीवरचं खोगीर दिसतं, पण स्वार त्यावर बसू शकत नाही. वाट काढली जाते ती अशी की घोडा आणि स्वार दोघंही एका तिसऱ्या, स्क्रिप्ट घातलेल्या वस्तूवर 'बसतात' आणि ती वस्तू चालते. चालतं, पण मग तुमची स्वतःची चाल जाते, जिच्यासाठी एवढा खटाटोप केला ती.

शिवाय माणसांसाठी बनवलेलं सामान, पलंग, गाड्या, तालमीचे खांब, सगळं माणसाच्या सांगाड्याला धरून असतं. चार पायांनी त्यावर बसलात तर शरीर चुरगळल्यासारखं दिसतं. आणि घोडा उतरवून माणूस झालात की कधी कधी हाडं जागेवर येत नाहीत. पहिल्यांदा असं झालं तेव्हा मी पाच-सहा लोकांसमोर वाकड्या मानेनं उभी होते आणि फार घाबरले. उपाय साधा आहे: अवतारावर उजवं क्लिक करून 'रीसेट स्केलेटन'. पाय जमिनीत रुतले किंवा हवेत राहिले तर 'हॉवर हाइट' जरा वरखाली करायची. या दोन गोष्टी पहिल्याच दिवशी शिकून घ्या.

त्याहून मनाला लागलं ते वेगळं. तबेल्यात, म्हणजे हा खेळ खेळणारे जमतात त्या जागी, लोक मला पाळीव जनावरासारखं थोपटून पुढं जायचे. माझ्यात एक माणूस आहे जो हे स्वतःहून निवडतोय, हे घोड्याच्या शरीरात दिसतच नव्हतं. आणि या खेळाचा गाभा माझ्यासाठी तोच होता: मोहरकीतली ती दोन बोटं, ओढावं न लागता चालणं. ते तट्टू झाल्यावर मिळालं. माणसाचा चेहरा, झापडांआडून वर बघणारे डोळे, हुकमाची वाट पाहत ताठ उभं राहणं, हे समोरच्याला दिसतं आणि तो तसं वागतो. गाडीला जुंपतात तेव्हाही दोघं एकाच गाडीवर 'बसलेले' असतात, पण गाडी मुळात माणसाच्या शरीरासाठी बनवलेली असल्यानं गुडघे उचलून टाकलेली चाल तिच्यातच असते आणि ती छान दिसते.

तट्टूचं दुखणं मापाचं. इथं घाई करू नका. प्रत्येक साज एखाद्या ठरावीक मेश शरीरासाठी बांधलेला असतो. मैत्रेय लारा नावाच्या शरीरासाठी केलेला पट्टा दुसऱ्या शरीरावर घातला की कातडी पट्ट्यातून बाहेर येते. म्हणून आधी शरीर ठरवा, मग त्याच शरीराचा साज शोधा, उलटं कधीच नाही. हाडांना बांधलेला, म्हणजे रिग्ड साज हातानं हलवता येत नाही. लगामाची तोंडातली कडी मात्र शक्यतो न बांधलेली घ्या, म्हणजे ती आपल्या मेश डोक्याच्या ओठांत नीट सरकवून बसवता येते. मला ती कडी बसवायला एक अख्खी संध्याकाळ लागली होती, मिलिमीटर मिलिमीटर करत, पण बसल्यावर चेहराच बदलला. घेताना परवानग्या बघा. 'मॉडिफाय' असेल तर पट्ट्यांचा रंग बदलता येतो, 'कॉपी' नसेल तर वस्तू हरवली की गेली.

चालीसाठी एओ लागतो, म्हणजे मूळ चालीऐवजी आपली चाल लावणारी सोय. फायरस्टॉर्म व्ह्यूअरमध्ये (व्ह्यूअर म्हणजे सेकंड लाइफमध्ये शिरायचा प्रोग्राम) तो आतच असतो, फक्त चाली विकत घ्यायच्या. साजातल्या काही वस्तू स्वतःची हालचाल बरोबर आणतात आणि एओशी भांडतात. हात विचित्र वळत असतील तर एकेक वस्तू उतरवून बघा, दोषी सापडतो. आणि वस्तू कमी ठेवा. साज जड झाला की ज्यांचा संगणक साधा आहे त्यांना तुम्ही घोडा नाही, एकरंगी बाहुलीसारखे दिसता. माझा जुना लॅपटॉपही इतरांना तसाच दाखवायचा, म्हणून हे कळलं.

पैशाचं सांगते. लिंडेन डॉलर, म्हणजे तिथलं चलन, एका अमेरिकी डॉलरला अडीचशेच्या आसपास मिळतात. आपल्या कार्डावर परदेशी व्यवहार चालू करून घ्यावे लागतात. चार पायांचा घोडा ही एकरकमी खरेदी असते: शरीर, कातडी आणि बहुतेकदा चालीही एकत्र. तट्टूचा खर्च तुकड्यातुकड्यांत होतो. शरीर, डोकं, साज, बूट, आयाळ, चाली. पहिल्यांदा वाटतं थोडंच आहे, आणि महिन्याअखेर बेरीज घोड्याच्या पुढं गेलेली असते. पेशवाईतला बारगीर सरकारी घोड्यावर स्वारी करायचा आणि शिलेदाराचा घोडा स्वतःचा असायचा. तसंच इथंही आधी बारगीर राहून बघावं: सेन्रा नावाचे लिंडेन लॅबचे, म्हणजे सेकंड लाइफ चालवणाऱ्या कंपनीचे, फुकट मेश अवतार आहेत, डेमो आहेत, ओळखीच्या तबेल्यात उसना साज मिळाला तर तोही. महिनाभरानं मन तेच म्हणत असेल तर स्वतःचं घ्या. हाती थोडेच पैसे असतील तर दोन्ही बाबतींत ते चालींवर घाला. साध्या शरीराची चांगली चाल लोकांच्या लक्षात राहते.

आपल्या भागातल्या लोकांसाठी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. इंग्रजीत गप्पा मारायला बिचकणारे आपल्यात पुष्कळ आहेत. पोनी बोलत नाही. एक टाप आपटली म्हणजे हो, दोन म्हणजे नाही, फुरफुरणं, मान हलवणं, खिंकाळणं, एवढ्यावर तास निघतो. चार पायांच्या घोड्याला हे जास्त सहज जमतं. तट्टूला मात्र खेळ सुरू होण्याआधी बोलावंच लागतं, आणि ते टाळू नका. मला काय चालतं, काय अजिबात नाही, कुठल्या शब्दावर थांबायचं, हे एका नोटकार्डवर, म्हणजे तिथल्या चिठ्ठीवर, साध्या वाक्यांत लिहून ठेवा आणि आधीच द्या. मी माझं कार्ड मराठीत लिहिलं आणि मग सावकाश इंग्रजीत केलं. मराठीत लिहिताना स्वतःला काय नको आहे ते मला पहिल्यांदा स्पष्ट कळलं.

तट्टूच्या गळ्यात बहुधा ओपनकॉलर नावाचा स्क्रिप्ट घातलेला पट्टा असतो. त्यातून लगामाची दोरी दुसऱ्याच्या हातात देता येते, आणि आरएलव्ही, म्हणजे अंगावरच्या वस्तूंना अवतारावर ताबा देणारी व्ह्यूअरमधली सोय, चालू केली तर वस्तू कुलूपबंदही करता येतात. आरएलव्ही नसलेल्या व्ह्यूअरमधून आत आलात की ही कुलपं लागू होत नाहीत, आणि ओपनकॉलरमध्ये मालकी काढून टाकण्याची 'रनअवे' सोय आहे. दोन्ही आधी एकट्यानं करून बघा, मगच दोरी कुणाच्या हातात द्या. जो माणूस ही सोय बंद करायला सांगतो त्याच्या तबेल्यात जाऊ नका.

सातारा-सांगली मोठी शहरं नाहीत. अवताराचं नाव, प्रोफाइलमधला फोटो, अजिंक्यताऱ्याचा उल्लेख, एवढ्यावरूनही कुणी ओळखू शकतं. नाव नवं घ्या, गावाचं काही लिहू नका. दुसऱ्याशी झालेलं बोलणं त्याच्या संमतीशिवाय बाहेर टाकणं तिथल्या नियमांत बसत नाही, आणि तसंही ते करू नये. वेळेचंही बघा: तिथलं घड्याळ कॅलिफोर्नियाचं. उन्हाळ्यात तिकडचे संध्याकाळचे सात म्हणजे आपले सकाळचे साडेसात. नोकरी करणाऱ्याला युरोपातल्या लोकांचा तबेला सोयीचा पडतो, रात्री जेवणं उरकल्यावर तिकडे संध्याकाळ सुरू होते.

मैत्रिणीला मी शेवटी एकच प्रश्न विचारला: डोळे मिटून या खेळाची कल्पना करतेस तेव्हा तुझ्या शेजारी कुणी असतं का? ती जरा थांबली आणि म्हणाली, नाही गं, मी एकटीच असते, गवत असतं आणि वारा असतो. मग तट्टूचा विषय मी तिथंच सोडला. पुढच्या शनिवारी आम्ही दोघींनी मिळून सात घोड्यांचे डेमो चढवून पाहिले. सहावा उभा राहिला आणि त्यानं मागचा डावा पाय हळूच टेकवला.

तिनं तोच घेतला. करड्या रंगाचा आहे.